बर्कले गेला, घाट राहिला

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास म्हटले की १६ एप्रिल १८५३ ही तारीख पुढे येते. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली ती गाडी, तिचे चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने, तोफांची सलामी, हे सारे शाळकरी मुलांनाही पाठ असते. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांची नावेही आपण अगत्याने घेतो. तो मार्ग ज्याच्या देखरेखीखाली झाला आणि ज्याने पुढे सह्याद्रीच्या अंगावर रूळ चढवले, तो जेम्स जॉन बर्कले मात्र रेल्वेच्या लोकांपुरताच उरला आहे. रेल्वेत त्याचे नाव आजही आदराने घेतात. मी त्याच रेल्वेच्या स्थापत्य खात्यात उमेदीची वर्षे काढली. रूळ, स्लीपर, खडी, मोऱ्या आणि पूल यांची निगा राखणे हे माझे काम. त्यामुळे बर्कलेकडे मी पाहतो तो राखणदाराच्या नजरेने, आणि या नजरेला त्याचे आयुष्य थोडे वेगळे दिसते.

बर्कलेचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे इथे झाला. किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्याने उमेदवारी केली आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तो तयार झाला. ‘रॉकेट’ इंजिन घडवणाऱ्या स्टीफन्सनचा शब्द तेव्हा इंग्लंडमध्ये अखेरचा मानला जाई. १८४९ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला आणि मुंबईला पाठवायला मुख्य इंजिनिअर हवा होता. स्टीफन्सनने या तरुणाची शिफारस केली. १८५० च्या फेब्रुवारीत बर्कले मुंबईत उतरला, तेव्हा त्याने नुकतीच तिशी ओलांडली होती.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीवला पहिली कुदळ पडली. ठाण्यापर्यंतचा रस्ता फारसा अवघड नव्हता. अवघड होते ते इथले हवामान. विलायतेत वर्षानुवर्षे टिकणारे लाकूड इथे एका बाजूने वाळवी खाई आणि दुसऱ्या बाजूने पाऊस कुजवी. स्लीपरसाठी कुठले लाकूड वापरावे, ते तेल पाजून आणावे की इथलेच सागवान घ्यावे, असले प्रश्न पुस्तकात नव्हते. काम करता करताच ते सोडवावे लागले. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली, १८५६ मध्ये खोपोलीला. वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला डोंगर उतारूंना पालखीत किंवा बैलगाडीत बसून चढावा लागे. खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये घाट, अशी ती स्थिती पाच वर्षे चालली.

तो घाट हीच बर्कलेच्या आयुष्याची खरी कसोटी. कंपनीचा कल सुरुवातीला माळशेज घाटाकडे होता. बर्कलेने डोंगर पायाखाली घातला, माळशेजचा नाद सोडला आणि पुण्यासाठी भोर घाट नि नाशिकसाठी थळ घाट अशी दोन ठिकाणे मुक्रर केली. भोर घाटाची चढण पावणेसोळा मैलांची आणि उंची १,८३१ फुटांची. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. वाटेत २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल, २२ लहान पूल आणि ८० वर मोऱ्या. डोंगराच्या एका सोंडेवर वळायला जागाच नव्हती. तिथे त्याने उलट फिरण्याचे स्थानक योजले. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि ती उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. उत्तरेत बंड पेटलेले असताना, १८५७ च्या डिसेंबरात, त्याने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये या घाटाच्या कामावर निबंध वाचला. स्वतःचा बेत लोकांपुढे मांडून समजावून देणारा हा इंजिनिअर होता. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थासारख्या इथल्या कंत्राटदारांना त्याच्या मार्गावर कामे मिळाली आणि त्यांनी ती नीट करून दाखवली.

घाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. पावसाळ्याचे चार महिने ते जवळजवळ बंदच पडे. उरलेल्या आठ महिन्यांत माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडली जात. ती लोंबकळतच खडकात सुरुंगाची भोके पाडत. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला, त्यात रक्त सांडले आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराचे कंत्राट दोन महिन्यांत संपले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट न सोडता दोन जाणत्या इंजिनिअरांकरवी ते तडीस नेले. १८६१ मध्ये घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी किती गेली याची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. बोगद्यांची लांबी यार्डात मोजून ठेवणाऱ्या कागदपत्रांत माणसांचा हिशेब तेवढा नाही, हे मला फार लागते.

या सगळ्यात बर्कलेची प्रकृती ढासळली. १८६० मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याचा भारतीय रेल्वेवरचा निबंध वाचला गेला आणि नावाजला गेला. पण १८६१ मध्ये त्याला मुंबई सोडावी लागली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम इथे तो वारला, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. आठ महिन्यांनी, १८६३ च्या एप्रिलमध्ये, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी भोर घाटाचे उद्घाटन केले. ज्याने घाट आखला त्याने त्यावरून गेलेली गाडी पाहिलीच नाही.

बर्कलेची चरित्रे सहसा इथे थांबतात. माझ्या मते त्याची गोष्ट इथे अर्धीच होते.

१८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, भोर घाटातला ‘मऊ की मळी’ नावाचा दगडी कमानींचा पूल कोसळला. उद्घाटनाला पुरती साडेचार वर्षेही झाली नव्हती. मग तपासण्या सुरू झाल्या आणि कंपनीच्या मार्गावरचे आणखी कितीतरी बांधकाम कच्चे असल्याचे उघड झाले. बाहेरून घडीव दगड, आत निकृष्ट भर आणि चुन्यात दम नाही, अशी कामे निघाली. कित्येक पूल पुन्हा बांधावे लागले.

याचा दोष बर्कलेचा का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे खूप आहे. कामाचा पसारा शेकडो मैलांचा होता, देखरेखीला माणसे थोडी होती, कंत्राटदारांची साखळी लांब होती आणि सरकारने भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिलेली असल्याने खर्चाला लगाम नसूनही घाई मात्र होती. तरीही मुख्य इंजिनिअरला दर्शनी दगडामागे काय भरले आहे याच्या जबाबदारीतून सुटता येत नाही, असे मला वाटते. हे मान्य केल्याने त्याचा मोठेपणा कमी होत नाही. त्याने आखलेली वाट बरोबर होती. आज दीडशेहून अधिक वर्षांनी गाड्या मुख्यतः त्याच डोंगरधारेने चढतात. उलट फिरण्याचे स्थानक १९२९ च्या सुमारास, विजेची गाडी आली तेव्हा, नवे बोगदे खोदून मोडीत काढले गेले. आखणी टिकली, बांधणी मात्र पुनःपुन्हा करावी लागली.

आणि ती कोणी केली? रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासणारा कीमन, म्हणजे आमच्या भाषेत चावीवाला. मुकादमाच्या हाकेवर स्लीपरखाली खडी ठासणारी गँग. वळणावर बाहेरचा रूळ कडेने झिजतो. उन्हात रूळ फुगतो, थंडीत आखडतो आणि जोडाशी तुटू पाहतो. पावसात खडीत चिखल शिरला की तिच्यातली लवचीकता जाते. मोरीचे तोंड एका झुडपाने तुंबले तर एका रात्रीत भराव वाहून जातो. म्हणून पावसाळ्यात गस्तवाला कंदील आणि पटाके घेऊन अंधारात चालतो. दरड पडलेली दिसली की तो आधी धावत सुटतो आणि ६०० मीटरवर एक नि १,२०० मीटरवर तीन पटाके रुळाला बांधतो. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला इशारा मिळतो. घाटातून उतरणाऱ्या गाडीला जागोजाग थांबून आपला ब्रेक शाबूत असल्याची खात्री द्यावी लागते, नाहीतर सांधा तिला चढाच्या बाजूला काढलेल्या आडमार्गात नेतो. यातला प्रत्येक नियम कुठल्यातरी अपघाताने शिकवलेला आहे.

घाटात असताना मी एका वयस्क मुकादमाबरोबर बरेच हिंडलो. त्याला बर्कले हे नाव ठाऊक नव्हते. पण कुठल्या बोगद्यात कुठला दगड कितव्या पावसाला सुटतो, कुठल्या मोरीचे पाणी आवाज बदलते, हे तो डोळे मिटून सांगे. बर्कलेने दोन-चार मोसमांत डोंगर वाचला होता, त्या मुकादमाने तीस पावसाळे वाचला होता.

आता खडी ठासायला यंत्रे आहेत, रुळातली भेग शोधायला ध्वनिलहरी आहेत. तरी २००३ मध्ये कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी उतारूंचे बळी घेतलेच. २०१९ च्या पावसाने भोर घाटही दिवसेंदिवस अडवून धरला. सह्याद्री १८६७ साली जसा होता तसाच आहे. नव्या मार्गाच्या उद्घाटनाला आपल्याकडे मंडप पडतात, कोनशिला बसतात. जुन्या मार्गाच्या डागडुजीला पैसा आणि माणसे मागायला गेले की फाइल फिरत राहते. गँगमधल्या रिकाम्या जागा भरायच्या राहिल्या तर वर्तमानपत्रात बातमी येत नाही. ती येते दरड पडल्यावर.

बर्कलेचे स्मरण करायचे तर माझे मागणे एवढेच, की त्याच्या आखणीबरोबर त्या पडलेल्या पुलाचीही गोष्ट सांगावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पुलाच्या पायाशी जाऊन, दर्शनी दगडाच्या आत काय आहे ते ठोकून पाहावे. आणि जो माणूस हे ठोकून पाहतो, त्याचा पगार वेळेवर व्हावा. १८५९ च्या दंग्यातही मजुरांनी याहून जास्त काही मागितले नव्हते.