शिकुटिमीचा गोलरक्षक

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सॅगने नदीच्या काठी शिकुटिमी हे गाव आहे. क्वेबेक शहर मागे टाकून अरण्यांतून व डोंगरांतून उत्तरेकडे दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा, तेव्हा हे गाव लागते. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. एकदा बर्फ पडू लागले, की ते वसंत ऋतूपर्यंत हटत नाही. अंगणे, रस्ते, डबकी सारे गोठून काचेसारखे टणक होते. अशा दिवसांत मुलांनी स्वतःला घरात कोंडून घेतले असते, तर त्यात नवल नव्हते. परंतु तेथील मुले नेमकी ह्याच दिवसांची वाट पाहत असत. बर्फावरील हॉकी हा त्यांचा आवडता खेळ, आणि त्या खेळाचा हंगाम हाच!

ह्या गावी २१ जानेवारी १८८७ रोजी जॉर्ज व्हेझिनाचा जन्म झाला. त्याच्या वडिलांची पावाची भट्टी होती. घरची भाषा फ्रेंच. जॉर्ज काही काळ गावच्या शाळेत शिकला; पण वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या हाताखाली भट्टीवर काम करू लागला. काम आटोपले, की काठी घेऊन रस्त्यावर जावे आणि सवंगड्यांबरोबर खेळावे, हा त्याचा नेम असे.

बर्फावरील हॉकीत चेंडू नसतो. कठीण रबराची एक जाड, वाटोळी चकती असते. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि सुमारे १७० ग्रॅम वजनाची ही चकती काठीच्या एका फटक्यासरशी बर्फावरून सणसणत जाते. खेळाडूंच्या बुटांना पोलादी पाती बसवलेली असतात. त्यांना स्केट म्हणतात. त्यांवरून घसरत खेळाडू वाऱ्याच्या वेगाने धावतात. गोल सहा फूट रुंद व चार फूट उंच असतो. तेवढी जागा राखण्यासाठी एकच माणूस तेथे उभा असतो. त्याला फार धावावे लागत नाही. पण त्याची दृष्टी क्षणभरही ढळून चालत नाही. जॉर्जने लहानपणापासून हीच जागा पसंत केली. गोलरक्षकाला साध्या बुटांनीही निभावून नेता येई. म्हणून तो कित्येक वर्षे स्केटवाचूनच खेळला. सोळाव्या वर्षी गावच्या संघात त्याला जागा मिळाली, तेव्हा कोठे त्याने स्केट पायांत चढवले. ज्याचे नाव पुढे ह्या खेळात अजरामर व्हायचे होते, तो सोळा वर्षांचा होईपर्यंत साध्या बुटांनी खेळत होता, हे वाचून आश्चर्य वाटते. पण पायांवर घट्ट उभे राहण्याची जी सवय त्याला जडली, ती कदाचित ह्याच दिवसांची देणगी असावी.

शिकुटिमी इतके आडबाजूला, की त्याच्या संघाला कोणत्याही संघटित स्पर्धेत स्थान नव्हते. प्रांतात हिंडावे, भेटेल त्या संघाशी सामना खेळावा आणि परत यावे, असा क्रम असे. त्यामुळे जॉर्जची कीर्ती गावापुरतीच राहिली असती. पण १९१० च्या फेब्रुवारी महिन्यात एक गोष्ट घडली.

माँट्रियल ह्या मोठ्या शहरात नुकताच, म्हणजे १९०९ च्या डिसेंबरात, कॅनेडियन्स नावाचा संघ स्थापन झाला होता. फ्रेंच भाषिक खेळाडूंना वाव मिळावा, हा त्यामागील हेतू होता. ह्या संघातील खेळाडू वेतन घेऊन खेळणारे, धंदेवाईक. १७ फेब्रुवारी रोजी ते शिकुटिमीला सामना खेळण्यासाठी आले. गावच्या हौशी पोरांचा आपण सहज धुव्वा उडवू, अशी त्यांची खात्री होती. सामना सुरू झाला. पाहुण्यांनी चढाईमागून चढाई केली. गोलाच्या तोंडाशी एक तरुण उभा होता. तो उड्या मारीत नव्हता, ओरडत नव्हता, गडबडतही नव्हता. चकती जेथे येई, तेथे त्याची काठी आधीच टेकलेली असे. सामना संपला, तेव्हा पाहुण्यांच्या नावावर एकही गोल नव्हता!

समोरच्या टोकाला कॅनेडियन्सचा गोलरक्षक जोझेफ कॅटॅरिनिच उभा होता. आपल्याहून हा मुलगा सरस आहे, हे त्याने ओळखले. दुसऱ्या एखाद्याने ती गोष्ट मनातच ठेवली असती. कॅटॅरिनिचने तसे केले नाही. ह्या तरुणाला आपल्या संघात घ्यावे, असा आग्रह त्याने व्यवस्थापकांकडे धरला. जॉर्जला संघात घेणे म्हणजे स्वतःची जागा सोडणे, हे त्याला कळत नव्हते असे नाही.

जॉर्जने प्रथम नकारच दिला. १९०८ च्या जून महिन्यात त्याचा विवाह झाला होता. घर आणि गाव सोडून शहरात जाणे त्याच्या जिवावर आले असावे. पण पुन्हा बोलावणे आले, आणि डिसेंबरात तो माँट्रियलला गेला. ३१ डिसेंबर १९१० रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ऑटावाच्या संघाविरुद्ध तो पहिल्यांदा कॅनेडियन्सच्या गोलासमोर उभा राहिला. त्या दिवसापासून पुढील जवळजवळ पंधरा वर्षे त्या जागी दुसरा माणूस दिसला नाही.

त्या काळी गोलरक्षकाचे काम फार कठीण होते. आज गोलरक्षक तोंडावर मुखवटा घालतो. ती पद्धत १९५९ नंतर रूढ झाली. व्हेझिना उघड्या चेहऱ्याने, डोक्यावर एक लोकरी टोपी घालून उभा राही. शिवाय, गोल वाचवण्यासाठी गोलरक्षकाने बर्फावर लोळण घ्यावयाची नाही, असा नियम होता. १९१८ च्या जानेवारीत तो रद्द झाला आणि इतर गोलरक्षक गुडघ्यांवर, पोटावर पडून चकती अडवू लागले. व्हेझिनाने मात्र आपली रीत बदलली नाही. तो पूर्वीसारखाच ताठ उभा राहून, मुख्यतः काठीने चकती परतवीत असे. पहिल्या दोन हंगामांतच त्याने सरासरीने इतर सर्व गोलरक्षकांपेक्षा कमी गोल होऊ दिले होते. आपली रीत त्याला पुरेशी होती.

त्याच्या ह्या शांत स्वभावावरून लोकांनी त्याला एक गमतीचे नाव दिले, शिकुटिमीची काकडी! काकडी जशी उन्हाळ्यातही थंडगार राहते, तसा हा माणूस सामन्याच्या ऐन धुमश्चक्रीत थंड राही, म्हणून हे नाव. हे ऐकून तो रागावला नाही आणि हुरळूनही गेला नाही. तो मुळातच अबोल. हंगाम संपला, की तो शिकुटिमीला परत जाई. तेथे त्याचा चामडी कमावण्याचा कारखाना होता. उन्हाळाभर तो त्यात रमे.

माणूस स्वतःविषयी काही बोलला नाही, की त्याच्याविषयी दुसरे बोलू लागतात. त्याला बावीस मुले आहेत आणि त्यांत तीन वेळा तिळी झाली आहेत, अशी एक कथा संघाचे एक मालक लिओ डँड्युरँड यांनी वार्ताहरांना सांगितली. ती चवीने छापली गेली व पुष्कळ वर्षे खरी मानली गेली. वस्तुतः त्याला दोनच मुलगे होते.

ह्या दोघांपैकी धाकट्याच्या जन्माची हकीकत मात्र खरीच रम्य आहे. १९१६ च्या मार्चमध्ये स्टॅनले करंडकासाठी कॅनेडियन्स व पोर्टलंड ह्या संघांत पाच सामन्यांची झुंज झाली. दोन्ही संघांनी दोन-दोन सामने जिंकले होते. ३० मार्च रोजी पाचवा सामना कॅनेडियन्सने जिंकला आणि तो करंडक त्यांना प्रथमच मिळाला. त्याच रात्री व्हेझिनाला दुसरा मुलगा झाला. त्या मुलाच्या नावात त्याने स्टॅनले हे नाव घातले.

१९१७ च्या नोव्हेंबरात नॅशनल हॉकी लीग ही नवी संस्था स्थापन झाली व कॅनेडियन्स तीत सामील झाले. १८ फेब्रुवारी १९१८ रोजी टोरांटोच्या संघाला व्हेझिनाने एकही गोल करू दिला नाही. ह्या संस्थेच्या सामन्यांत असा पराक्रम करणारा तो पहिला गोलरक्षक होय.

पुढच्याच वर्षी एक दुःखद प्रसंग ओढवला. स्टॅनले करंडकाच्या अंतिम सामन्यांसाठी कॅनेडियन्स अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरी गेले होते. जगभर लाखो बळी घेणारी इन्फ्लुएंझाची साथ तेथे त्यांना गाठून बसली. एकामागून एक खेळाडू अंथरुणाला खिळले. १ एप्रिल १९१९ रोजी व्हावयाचा निर्णायक सामना रद्द करावा लागला. चार दिवसांनी जो हॉल हा खेळाडू तेथेच मरण पावला. त्या वर्षी करंडक कोणालाच मिळाला नाही. व्हेझिना ह्या संकटातून सुखरूप परतला.

त्याचा उत्तम काळ अजून यावयाचा होता. १९२३-२४ च्या हंगामात चोवीस सामन्यांत त्याच्यावर केवळ ४८ गोल झाले. त्यानंतरच्या निर्णायक फेऱ्यांत ऑटावा, व्हँकुव्हर व कॅलगरी ह्या तिन्ही संघांना कॅनेडियन्सने हरवले. त्या सहा सामन्यांत मिळून व्हेझिनाने सहाच गोल होऊ दिले, आणि स्टॅनले करंडक दुसऱ्यांदा माँट्रियलला आला. तेव्हा त्याचे वय ३७ वर्षांचे होते. ह्या वयात बहुतेक खेळाडू घरी बसलेले असतात. हा मात्र एकेका हंगामागणिक अधिकच निष्णात होत चालला होता.

१९२५ च्या शरद ऋतूत तो नेहमीप्रमाणे सरावासाठी माँट्रियलला आला. त्याची प्रकृती ठीक नाही, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येण्यासारखे होते. सहा आठवड्यांत त्याचे वजन सुमारे सोळा किलोंनी उतरले. तरी त्याने कोणापाशी तक्रार केली नाही. त्याच्या मौनाची लोकांनी पुष्कळ स्तुती केली आहे. गोलासमोर ते मौन त्याला शोभले, त्याच्या उपयोगीही पडले. पण दुखणे लपवणारे हे मौन त्याने सोडले असते, तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

२८ नोव्हेंबर रोजी हंगामातील पहिला सामना पिट्सबर्गच्या संघाशी होता. व्हेझिनाच्या अंगात १०२ अंश फॅरनहाइट ताप होता. त्या तापातच तो उघड्या चेहऱ्याने, नित्याप्रमाणे ताठ, गोलासमोर जाऊन उभा राहिला. प्रेक्षकांना त्याची काहीच कल्पना नव्हती. वीस मिनिटांचा पहिला डाव संपला. त्याने एकही गोल होऊ दिला नव्हता. मधल्या विश्रांतीत त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. तरीही दुसऱ्या डावासाठी तो पुन्हा बर्फावर आला. डाव सुरू होतो न होतो तोच तो गोलापाशी कोसळला. जो माणूस खेळात स्वेच्छेने कधी खाली पडला नव्हता, त्याला त्या दिवशी त्याच्या देहाने खाली पाडले. त्याला बाहेर नेण्यात आले व दुसरा गोलरक्षक त्याच्या जागी उभा राहिला. कॅनेडियन्स तो सामना एका गोलाने हरले.

१९१० पासून एकही सामना न चुकवता तो ३२८ नियमित सामने व ३९ निर्णायक सामने खेळला होता. ती मालिका येथे तुटली.

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी त्याला तपासले. क्षयरोग फार पुढे गेला होता. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. विश्रांती, स्वच्छ हवा आणि सकस अन्न हाच इलाज, आणि विश्रांतीची वेळ तर टळून गेली होती. व्हेझिनाने सोबत्यांचा निरोप घेतला व तो आपल्या गावी परतला. २७ मार्च १९२६ रोजी शिकुटिमीच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. त्याला अवघी एकोणचाळीस वर्षे झाली होती. सॅगने नदी त्या दिवसांत अजून गोठलेलीच असते.

कॅनेडियन्स संघाची मालकी १९२१ पासून तिघांकडे होती. डँड्युरँड व लुई लेतुर्नो हे त्यांतील दोघे. तिसरा मालक होता जोझेफ कॅटॅरिनिच, सोळा वर्षांपूर्वी शिकुटिमीच्या बर्फावर ज्याने ह्या तरुणासाठी आपली जागा सोडली होती तोच. ह्या तिघांनी आपल्या गोलरक्षकाच्या स्मरणार्थ नॅशनल हॉकी लीगला एक चषक अर्पण केला. सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला तो दरवर्षी द्यावा, असे ठरले. १९८१-८२ च्या हंगामापासून ही रीत बदलली व संघांचे व्यवस्थापक मते देऊन सर्वोत्तम गोलरक्षक निवडू लागले; चषकाचे व्हेझिना हे नाव मात्र कायम राहिले. १९४५ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात पहिल्यांदा ज्या थोड्या खेळाडूंची नावे दाखल झाली, त्यांतही त्याचे नाव होते.

१९२६-२७ च्या हंगामात कॅनेडियन्सच्या गोलासमोर जॉर्ज हेन्सवर्थ हा नवा गोलरक्षक उभा राहिला. व्हेझिनाच्या नावाचा चषक त्या वर्षी प्रथमच दिला गेला, आणि तो हेन्सवर्थने जिंकला. पुढील दोन्ही वर्षे तो त्याच्याकडेच राहिला.