रमाबाई रानडे

रोज सकाळी शाळेत परिपाठ असतो. एखादी मुलगी पुढे येते आणि बातम्या किंवा सुविचार वाचून दाखवते. समोर सारी शाळा रांगेत उभी असते. पनवेल असो की पुणे, आज याचे कोणाला नवल वाटत नाही. पण सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात एका तरुण स्त्रीने भरसभेत उभे राहून एक निवेदन वाचले, तेव्हा तिला घरी बोलणी खावी लागली. त्या निवेदनात मुलींसाठी हायस्कूल काढावे, अशी मागणी होती. ते वाचणाऱ्या स्त्रीचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली झाला. त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचे. माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. त्या काळी मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. शिकलेली मुलगी विधवा होते, अशी वेडी समजूत लोकांत पसरलेली होती. त्यामुळे यमुनेला अक्षरओळखही नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले आणि यमुनेची रमा झाली.

रानडे पुण्यात न्यायाधीश होते. ते मोठे विद्वान व समाजसुधारक होते. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत, असे त्यांचे मत होते. त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा त्यांनी विधवेशीच लग्न करावे, असे मित्रांना वाटत होते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. मात्र आपल्या पत्नीला शिकवायचे, हे त्यांनी मनाशी पक्के केले.

रमाबाईंचे शिक्षण मुळाक्षरांपासून सुरू झाले. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. घर मोठे होते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे शिकणे पसंत नव्हते. त्या टोमणे मारत. रमाबाईंपुढे दोन वाटा होत्या. पाटी-पुस्तक सोडून दिले असते, तर घरात कौतुक झाले असते. अभ्यास चालू ठेवला, तर रोज अपमान सोसावा लागणार होता. त्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी कोणाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. आधी मराठी, मग इंग्रजी, असे त्या शिकत गेल्या.

पुढे रानडे यांची नाशिकला बदली झाली. तेथे एका शाळेच्या समारंभात रमाबाई प्रथमच लोकांसमोर बोलल्या. ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. इतर स्त्रियांबरोबर बसून विचार करण्याची आणि बोलण्याची त्यांना सवय झाली.

त्या वेळी पुण्यात मुलींसाठी प्राथमिक शाळा होत्या. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. पण चार इयत्ता झाल्या, की मुलींचे शिक्षण थांबत असे. त्यांच्यासाठी हायस्कूल हवे, असे रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक इत्यादींनी ठरवले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यात आले, तेव्हा मोठी सभा भरली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतील निवेदन वाचून दाखवले. अकराव्या वर्षी ज्या मुलीला अक्षर येत नव्हते, ती आता गव्हर्नरसमोर सर्व मुलींसाठी शाळा मागत होती.

१८८४ साली ही शाळा सुरू झाली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती, त्या जागी ती उभी राहिली. म्हणून लोक तिला 'हुजूरपागा' म्हणू लागले. यातील 'हुजूर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. 'पागा' हा शब्दही फारसीतील 'पायगाह' या शब्दावरून आला आहे. जेथे घोडे बांधत, तेथे मुली पुस्तके घेऊन बसू लागल्या.

सुरुवातीला वर्तमानपत्रांतून या शाळेवर टीका झाली. मुलींना इंग्रजी कशाला हवे आणि त्या दिवसभर शाळेत बसल्या तर घरकाम केव्हा शिकणार, असे प्रश्न विचारले गेले. शाळा मात्र बंद पडली नाही. वसतिगृहामुळे दूरदूरच्या मुलींचीही सोय झाली. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे लहानपणी येथेच राहून शिकल्या आणि पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाल्या. पुढे १९०६ साली शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढला मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनाही असाच विरोध सोसावा लागला.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. काही काळ त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. पण आपण शिकलो ते केवळ आपल्यासाठी नाही, हे त्या विसरल्या नव्हत्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात आपल्याच वाड्यात सेवासदन सुरू केले. विधवा आणि गरीब स्त्रिया तेथे लिहायला, वाचायला, शिवायला शिकू लागल्या. काहींना रुग्णांची सेवा करण्याचे शिक्षण देण्यात आले. परक्या रुग्णांना हात लावणे त्या काळी चांगल्या घरच्या स्त्रियांना कमीपणाचे मानले जाई.

सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभातील प्रसंग आहे. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा व्यासपीठावर आली. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे केस काढलेले होते. तिला पाहताच सज्जात बसलेले कॉलेजचे विद्यार्थी हसू लागले, ओरडू लागले. शेवटी आभार मानण्यासाठी रमाबाई उठल्या. एरवी त्या शांतपणे बोलत. त्या दिवशी त्यांचा आवाज धारदार झाला. एका दुःखी बहिणीची थट्टा करणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी अभागी स्त्री असेल, याचीही आठवण करून दिली. सारे सभागृह स्तब्ध झाले. स्वतःचा अपमान रमाबाईंनी मुकाट्याने सोसला होता. आपल्या विद्यार्थिनीचा अपमान त्यांनी सोसला नाही.

मुलींचे प्राथमिक शिक्षणही मुलांप्रमाणे सक्तीचे व्हावे, यासाठी त्यांनी पुण्यात चळवळ केली. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाचा मॉनिटर होणे किंवा व्यासपीठावर बोलणे म्हणजेच पुढारीपण, असे आपल्याला वाटते. पण रमाबाई आधी मन लावून शिकल्या, मग इतरांसाठी शाळेचे दार उघडावे म्हणून उभ्या राहिल्या. आपल्या वर्गातही एखादी मुलगी वाचताना अडखळत असेल आणि बाकीचे हसत असतील. त्या वेळी तिच्या बाजूने कोण उभे राहते, ते पाहा. खरे पुढारीपण त्याच्याकडेच असते.