नेणिवेच्या प्रश्नावर फ्रॉइड यांच्याशी वाद घालणारे गिरींद्रशेखर बोस

जो विचार स्वतः विचार करणाऱ्यालाही ठाऊक नाही, त्याला विचार म्हणता येईल काय? फ्रान्झ ब्रेंटानो यांनी १८७४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले होते. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनाही अशा विचारांची कल्पना मान्य नव्हती. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड मात्र नेणीव हाच मानसिक जीवनाचा मोठा भाग असल्याचे सांगत होते. या वादात कोलकात्याहून एका डॉक्टराने भाग घेतला. त्यांचे नाव गिरींद्रशेखर बोस.

त्यांचा जन्म १८८७ मध्ये झाला. बंगाली विनोदी लेखक राजशेखर बोस ऊर्फ परशुराम हे त्यांचे थोरले बंधू. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातून १९१० मध्ये पदवी घेऊन गिरींद्रशेखर यांनी वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. संमोहनाची त्यांना तरुणपणापासून आवड होती आणि मनोरुग्णांवर ते त्याचा उपयोगही करीत. दमन या संकल्पनेवरील त्यांच्या प्रबंधाला १९२१ मध्ये कोलकाता विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. हा ग्रंथ त्यांनी फ्रॉइड यांना पाठविला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, पारसीबागान गल्लीतील बोस यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली.

मतभेदाचा मुद्दा असा. फ्रॉइड यांच्या मते समाजाच्या व संस्कारांच्या दडपणाखाली इच्छा नेणिवेत ढकलली जाते. बोस यांना हे कारण अपुरे वाटले. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या विरुद्ध इच्छाही जन्माला येते. त्यांतील एक जाणिवेत आली की दुसरी दबते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मारण्याच्या इच्छेमागे मार खाण्याची इच्छा दडलेली असते, असा त्याचा अर्थ. उपचारांत दबलेली इच्छा वर आणली की फळीच्या दोन टोकांप्रमाणे दोन्ही इच्छा आळीपाळीने वर येतात, असे त्यांनी नोंदविले. तेव्हा नेणीव ही केवळ अनुमानाची गोष्ट राहत नाही. रुग्णालाच ती ओळखता येते. तत्त्वज्ञांच्या आक्षेपाला हे उत्तर किती पुरेसे, हा प्रश्न उरतोच. पण ते रुग्णांच्या अनुभवावर उभे होते, हे विसरता येत नाही.

बोस यांनी १९२९ मध्ये आपले लेख फ्रॉइड यांच्याकडे पाठविले. भारतीय पुरुष रुग्णांत अंगच्छेदाच्या भयापेक्षा स्त्री होण्याची सुप्त इच्छा अधिक सहज दिसते, असे त्यांचे निरीक्षण होते. फ्रॉइड यांनी ते विचारात घेतले, पण सिद्धान्त पूर्णपणे स्वीकारला नाही. गुरुस्थानी मानलेल्या व्यक्तीपुढेही बोस यांनी आपले मत सोडले नाही.

तरीही संबंधांत कटुता आली नाही. फ्रॉइड यांच्या ७५ व्या वाढदिवसानिमित्त, १९३१ मध्ये, भारतीय संस्थेने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठविली. फ्रॉइड यांनी ती आपल्या लेखनाच्या मेजावर ठेवली. नाझींमुळे १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून ते लंडनला गेले, तेव्हा तीही सोबत गेली.

कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात १९३३ मध्ये मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला, त्यामागे बोसच होते. लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय १९४० मध्ये उघडले, तेव्हा जागा थोरल्या बंधूंनी दिली. उत्तरायुष्यात त्यांनी गीता, पुराणे आणि पातंजल योगसूत्रे यांचा मानसशास्त्रीय अभ्यास केला. त्यांचे निधन १९५३ मध्ये झाले.