पंडिता रमाबाई : श्रद्धा, अनुताप आणि सेवा

तत्कालीन म्हैसूर संस्थानातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री यांनी तीर्थयात्रा, व्रते व दानधर्म यांत सर्वस्व वेचले. अखेर दुष्काळात आईवडील दोघेही गेले. कर्मकांडावरील रमाबाईंची श्रद्धा त्या आघाताने डळमळली.

पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म स्वीकारला तरी तारणारा भेटला नाही, हे सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले. विद्वत्ता व परोपकार यांच्या बळावर तारण मिळत नाही. पाप मान्य करून अनुतापाने शरण जावे आणि कृपेचे दान श्रद्धेने स्वीकारावे, अशी त्यांची धारणा झाली.

तारण कृपेने मिळते, तर सत्कर्मे कशासाठी? उत्तर त्यांच्या जीवनाने दिले. १८८९ मध्ये मुंबईत स्थापलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई ढळल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून त्यांनी केडगावी मुक्तिसदन उभारले. तेथेच १९०५ मध्ये अनेक मुलींनी साश्रू नयनांनी पश्चात्ताप केला. बायबलचे मराठी भाषांतर हे त्यांचे अखेरचे मोठे कार्य. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. सेवेला त्यांनी तारणाचे मोल मानले नाही; ती त्यांची कृतज्ञता होती.