कार्व्हरच्या पंगतीला बसलेली माणसं

भुईमुगाचा विषय निघाला की जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव निघतंच. १९८१ साली वीणा गवाणकरांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेतला हा काळा शेतीशास्त्रज्ञ आपल्या खेड्यापाड्यांत माहीत झाला. शेंगदाण्यापासून त्यांनी काय काय केलं हे पुष्कळांना तोंडपाठ आहे. पण हाच माणूस ऐन पंचविशीत शिक्षणाचा नाद सोडून बसला होता आणि चार साध्या माणसांनी त्याला तिथून उठवलं, ही हकिगत तेवढी सांगितली जात नाही. आज तीच सांगतो.

मिसुरी राज्यातल्या डायमंड गावाजवळ, मोझेस कार्व्हर नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याकडे गुलाम असलेल्या बाईच्या पोटी १८६४ च्या सुमारास जॉर्ज जन्मला. नक्की तारीख नाही. गुलामाच्या पोराची नोंद कोण ठेवणार? तान्हा असताना दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवून नेलं. पोर परत मिळालं, आई मिळाली नाही. पोर अशक्त, सारखं खोकणारं. शेतातली जड कामं जमेनात म्हणून मोझेसच्या बायकोनं त्याला स्वयंपाक, धुणं, शिवणटिपण शिकवलं. पुढं कित्येक वर्षं त्याच धुण्यावर त्याचं पोट चाललं.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून दहा-बारा वर्षांचा जॉर्ज एकटाच निओशो गावी चालत गेला आणि रात्री एका गोठ्यात झोपला. सकाळी मारिया वॉटकिन्स नावाच्या बाईला तो लाकडांच्या ढिगावर बसलेला दिसला. ही बाई काळीच, सुईणपण करायची, लोकांचे कपडे धुवायची. तिनं त्याला घरात घेतलं. घर शाळेला लागूनच. मधल्या सुट्टीत पोरानं यायचं, कपडे घासायचे, परत वर्गात पळायचं. शिकलास तर ते ज्ञान आपल्या लोकांना परत दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढची वर्षं भटकण्याची. १८७९ मध्ये कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावात जमावानं एका काळ्या माणसाला मारून जाळलं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि गाव सोडलं. पडेल ते काम करीत हायस्कूलपर्यंत शिकला. हायलंड इथल्या कॉलेजला अर्ज केला, टपालानं मंजुरीही आली. हा मोठ्या आशेनं दारात जाऊन उभा राहिला. त्याचा रंग बघून त्याला तिथूनच परत पाठवलं.

तिथं तो खचला. १८८६ मध्ये बीलर या ओसाड भागात त्यानं सरकारी १६० एकर जमीन घेतली आणि गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर बांधून एकटाच राहिला. सतराएक एकर जमीन हातानं मोडली. पावसाचा भरवसा नाही, हिवाळ्यात बर्फाची वादळं. दोन वर्षांत कंटाळला, जमिनीवर ३०० डॉलरचं कर्ज काढलं आणि निघून गेला. कॉलेजचं नाव त्यानं टाकलंच होतं. पहिलं पीक गेलं तर शेतकरी पुन्हा पेरतो. पण दुबार पेरणीही गेली की घरात बोलेनासा होतो, हे आपण जाणतोच. जॉर्जचं तसंच झालं होतं.

आयोवा राज्यातल्या विंटरसेट गावात तो हॉटेलात स्वयंपाकी झाला. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाजूला उभा राहून गायचा. तो आवाज मिलहॉलंड नावाच्या गोऱ्या डॉक्टरच्या बायकोनं ऐकला. नवराबायकोंनी त्याला घरी बोलावलं. मग जाणंयेणंच सुरू झालं. बाई त्याला गाणं शिकवायच्या, हा त्यांना चित्र काढायला शिकवायचा. बरोबरीचं माणूस म्हणून त्याच्याशी कोणी वागतंय, हे त्याला नवंच असावं. डॉक्टरांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला. तो नाही म्हणे, हे सोडीनात. शेवटी १८९० मध्ये तो सिम्पसन कॉलेजात दाखल झाला. फी भरून दहा सेंट उरले. त्यात मक्याचं पीठ आणि चरबी आणून आठवडा काढला.

चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याचा झाडांचा ओढा ओळखला. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक. १८९१ मध्ये त्यांनी त्याला तिकडं पाठवलं. तिथं पहिल्याच दिवशी शिव्या ऐकायला मिळाल्या. जेवायला विद्यार्थ्यांबरोबर नाही, तळघरात नोकरांच्या पंगतीला बस म्हणून सांगितलं. मन पुन्हा मोडलं. त्यानं जुन्या गावी पत्र लिहिलं. पत्र वाचून लिस्टन नावाच्या बाई उठल्या, ठेवणीतला पोशाख घातला आणि आगगाडीनं थेट एम्सला आल्या. दिवसभर त्याच्याबरोबर कॉलेजच्या आवारात सगळ्यांसमोर फिरल्या आणि जेवायला तळघरात त्याच्या शेजारी बसल्या. बाईंनी भाषण केलं नाही, तक्रार केली नाही. त्यानंतर इतरांचं वागणं बदलत गेलं. १८९४ मध्ये तो पदवीधर झाला, १८९६ मध्ये पदव्युत्तर.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगीला गेले. तिथली जमीन कपाशीनं पार शोषलेली. बहुतेक काळे शेतकरी अर्धलीनं करणारे, दुकानदाराच्या उचलीत बुडालेले. कार्व्हर यांनी पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ टाकून जमीन सुधारली. चवळी, रताळी, भुईमुगाचा बेवड दाखवला. पीनट बटरचा शोध त्यांचा, असं सांगितलं जातं, ते खरं नाही. त्यांचं खरं काम बांधावरचं. सुट्टीच्या दिवशी गाडी जोडून वस्त्यांवर जायचं, साध्या भाषेत सांगायचं, करून दाखवायचं. परिसरातल्याच रंगीत मातीपासून रंग काढून झोपड्यांच्या भिंती रंगवायलाही ते शिकवीत. खतबियाण्याच्या खात्यात हे बसत नाही. पण कर्जात बुडालेल्या बाईला आपलं घर चांगलं दिसावं असं वाटणारच, हे त्यांना कळत होतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी कपाशी गेलेल्या एका शेतकऱ्याकडं गेलो होतो. उभ्याउभ्या फवारणीचं वेळापत्रक सांगितलं. त्यानं पाणी विचारलं, मी घाईत नको म्हणून निघालो. कार्व्हर वाचताना तो पाण्याचा तांब्या मला आठवतो.

१९०६ मध्ये दानशूर मॉरिस जेसप यांच्या पैशातून अवजारं, बियाणं भरलेली फिरती शाळाच गाडीवर निघाली. ती चालवणारे थॉमस कॅम्पबेल हे अमेरिकेतले पहिले काळे कृषी विस्तार कर्मचारी. म्हणजे आमच्या खात्याचे पूर्वजच म्हणायचे!

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर टस्कीगीतच वारले. साठवलेला पैसा त्यांनी संशोधनासाठी ठेवला. नाव झाल्यावरही विंटरसेटच्या मिलहॉलंड मंडळींना त्यांची पत्रं जात राहिली.