सर जेम्स औट्रम

इंग्रज सेनापतींचीं चरित्रें म्हणजे बहुधा लढायांच्या याद्याच. सर जेम्स औट्रम यांचें चरित्र मात्र त्यांनीं मिळविलेल्या विजयांपेक्षां त्यांनीं सोडून दिलेल्या गोष्टींसाठीं वाचण्यासारखें आहे.

त्यांचा जन्म ता. २९ जानेवारी १८०३ रोजीं इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत झाला. वडील नामांकित अभियंते होते. पण जेम्स दोन वर्षांचा असतांनाच ते वारले व कुटुंबास हलाखीचे दिवस आले. आईनें मुलांस स्कॉटलंडांत वाढविलें. १८१९ सालीं जेम्स कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत दाखल झाला.

१८२५ सालीं औट्रम यांस खानदेशांत धाडण्यांत आलें. आपल्या मराठवाड्याच्या उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर ओलांडले कीं हा मुलूख लागतो. तेथील भिल्लांवर फौजा चालून जात, शिपाई हिंवतापानें आजारी पडत आणि बंडाळी तशीच राही. औट्रम यांनीं भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम पत्करलें. ते त्यांच्या वस्त्यांत मिसळले, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेले. ज्यांस सारे लुटारू म्हणत, त्यांच्याच हातीं त्यांनीं बंदूक दिली व विश्वास ठेवला. धरणगांव हें त्या पलटणीचें ठाणें होतें. दहा वर्षें त्यांनीं हें काम केलें.

पुढें १८४३ त सर चार्ल्स नेपियर यांनीं सिंध प्रांत जिंकला. तेथील अमिरांवर अन्याय झाला असें औट्रम यांचें मत होतें. म्हणून लुटींतील आपल्या वांट्याचे सुमारें ३,००० पौंड त्यांनीं धर्मादायास देऊन टाकले. बडोद्यास रेसिडेंट असतांना त्यांनीं लांचलुचपतीचें प्रकरण उघडकीस आणलें. त्यापायीं त्यांना ती जागा सोडावी लागली. १८५४ त त्यांस पुन्हां तेथें नेमण्यांत आलें.

तथापि त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५६ त अयोध्येचें राज्य खालसा करण्याचा हुकूम त्यांच्याच हातून अंमलांत आला, आणि त्या असंतोषाची झळ १८५७ च्या उठावांत दिसून आली. त्या लढ्यांत ते आपल्या देशबांधवांविरुद्ध लढले, हें आपणांस विसरतां येत नाहीं.

त्याच सालीं सप्टेंबरांत लखनौच्या वेढ्यांतील इंग्रजांस सोडविण्यासाठीं फौज निघाली. औट्रम हुद्द्यानें वडील. पण आधींपासून झुंजत असलेले हॅवलॉक यांनाच यशाचा मान मिळावा म्हणून त्यांनीं सेनापतिपद त्यांच्याकडे सोंपविलें व स्वतः साधे स्वयंसेवक होऊन घोड्यावर बसले. ता. २५ सप्टेंबरला फौज आंत शिरली. औट्रम जखमी झाले होते.

ता. ११ मार्च १८६३ रोजीं फ्रान्समधील पो या गांवीं त्यांचें देहावसान झालें. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांचें दफन झालें.

विद्यार्थ्यांनो, हुकुमाचा ताबेदार असलेला मनुष्य नेहमींच न्यायाच्या बाजूस उभा राहूं शकत नाहीं, हें या चरित्रावरून दिसतें. परंतु पैसा, जागा व मान हीं तीन हातीं आलेलीं असतांना तीं सोडण्याचें बळ ज्याच्या अंगीं असतें, त्याचा थोरपणा तरवारीवर अवलंबून नसतो, हेंही त्यावरूनच कळतें.