दीनमित्रकार मुकुंदराव पाटील

आपल्या दिंडीच्या शंभरीच्या या पुस्तकात मी एका वर्तमानपत्रवाल्याचं चरित्र द्यायचं ठरवलं, तेव्हा एक जुने माळकरी मला म्हणाले की, बुवा, ज्यानं भटजीवर आणि देवाच्या नावानं चालणाऱ्या धंद्यावर कोरडे ओढले, त्याचं आपल्या पुस्तकात काय काम? त्यांना तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो.

नेवासं वारकऱ्याला सांगायला नको. पैसाच्या खांबाला टेकून माउलींनी तिथं संस्कृतातली गीता आपल्या बोलीत आणली. त्याच नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं खेडं आहे. मुकुंदराव पाटील त्या गावचे.

त्यांचा जन्म १८८५ सालचा. जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' पत्र काढलं. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं मांडणारं पत्र, पण ज्याचं गाऱ्हाणं त्यालाच वाचता येत नव्हतं, तर वर्गणी कोण देणार? तीनेक वर्षांत भालेकरांना ते सोडावं लागलं. पुढं नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं.

मुकुंदराव तरवडीच्या पाटलांच्या घरी दत्तक गेले. दत्तक वडील गणपतराव यांनीही 'दीनमित्र' नावाचं मासिक चालवलेलं होतं. म्हणजे दोन्ही घरांतून वारसा आला तो छापील कागदाचा, आणि त्यात मिळकत काही नाही हेही दोन्ही घरांनी दाखवून दिलेलं.

तरी १९१० साली, वयाच्या पंचविशीत, मुकुंदरावांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं. भालेकर वारले तेही याच साली. सुरुवात सोमठाण्याला झाली, नंतर पत्र तरवडीला आलं. वर्तमानपत्र म्हटलं की पुणं नाहीतर मुंबई, असा तो काळ. खेड्यात वीज नाही, धड रस्ता नाही. छापायचं तर शिशाचा एकेक खिळा हातानं जुळवायचा. तरी ते शहरात गेले नाहीत. ज्याच्यासाठी लिहायचं तो जिथं राहतो तिथूनच त्यांनी लिहिलं.

१९१३ साली त्यांचं 'कुलकर्णी लीलामृत' आलं. आताच्या पोरांना कुलकर्णी म्हणजे नुसतं आडनाव वाटतं. तेव्हा गावचं सगळं दप्तर कुलकर्ण्याच्या हातात असे. त्यानं लिहायचं आणि शेतकऱ्यानं अंगठा उठवायचा. काय लिहिलंय हे अंगठेवाल्याला कळायची सोय नाही. मुकुंदरावांनी ही लबाडी पोथीसारखी ओवीत बांधली. कीर्तनकार म्हणून मला इथं त्यांची खरी हुशारी दिसते. अडाणी माणसाला वाचता येत नसलं तरी पोथी ऐकता येते, हे त्यांनी ओळखलं. एकानं वाचायचं, चाळीसांनी ऐकायचं, आणि घरी जाताना आपण अंगठा कशावर उठवला याचा विचार करायचा. सावकारावरही त्यांनी 'शेटजी प्रताप' लिहिलं. पुढं १९१८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनच मोडलं आणि पगारी तलाठी नेमले.

१९६७ साली मुकुंदराव गेले. तोवर 'दीनमित्र' चालू होतं. सत्तावन्न वर्षं. एक पिढी अंगठ्यावरून सहीवर आली तेवढा काळ.

आता माळकऱ्यांच्या प्रश्नाकडं येतो. सत्यशोधक मूर्तिपूजा मानत नव्हते आणि आपण विटेवरच्या सावळ्यासाठी चालतो. हा फरक झाकून चरित्र लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांचं सगळं मला पटत नाही. पण देव आणि माणूस यांच्यामधे दलाल नको, हे त्यांचं म्हणणं आपल्याला परकं कसं म्हणता येईल? आपला देव चोखोबाला, जनाईला भेटला तो कोणाच्या चिठ्ठीवर भेटला?

खरं सांगायचं तर त्यांचा कोरडा माझ्याही पाठीवर बसतो. कीर्तन झालं की मी नारळ घेतो, पाकीट घेतो, लोक पाया पडतात. ऐकणारा काही शिकून घरी गेला, की मला नुसता नमस्कार घालून गेला? चौथी शिकलेल्या माणसानं हे स्वतःला विचारावं, आणि जास्त शिकलेल्या महाराजांनीही विचारावं.

म्हणून शंभरीच्या सालात एक मागणं मागतो. आपल्या भिशीची वही दरसाल द्वादशीला, क्षीरापतीच्या आधी, सगळ्या दिंडीपुढं मोठ्यानं वाचावी. किती पैसे जमले, किती शिधा आला, कुठं गेला. आणि ती दरवेळी वेगळ्या माणसानं वाचावी, बाईमाणसानंही. विणेकरी, चोपदार आणि मी, आम्ही खाली बसून ऐकू.

रामकृष्ण हरी.